पशु-यकृतरोगांच्या संशोधकाची प्रकाशने आणि उद्धरणे : नोंद कशी तयार करावी, कशी वाचावी

पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना, परिषदेसाठी वक्ता ठरवताना किंवा निवड समितीपुढे टाचण ठेवताना एखाद्या संशोधकाचे काम किती आणि कसे आहे हे सांगण्याची वेळ पशुवैद्यक महाविद्यालयातल्या बहुतेकांवर कधी ना कधी येते. अशा वेळी हात आपोआप गूगल स्कॉलर या संशोधन-लेखांच्या शोधयंत्राकडे जातो, तिथला एच-इंडेक्स (उद्धरणांवरून, म्हणजे इतरांच्या लेखांत आलेल्या हवाल्यांवरून, काढलेला आकडा) कागदावर उतरवला जातो आणि काम संपले असे वाटते. यकृतरोगांच्या बाबतीत ही घाई महागात पडते. ही शाखा लहान आहे, तिच्यात लिहिणारी माणसे आणि नियतकालिके मोजकी आहेत, आणि कुत्र्याचे यकृत कोणते व माणसाचे कोणते हे शोधयंत्राला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी यादी करावी, ती तपासावी, आणि आकडा सर्वांत शेवटी लिहावा. खालची पद्धत त्याच क्रमाने मांडली आहे.

माणूस नक्की करणे

पहिले काम नावाचे. कॉर्नेल विद्यापीठाच्या शेरॉन सेंटर यांचे नाव कुत्र्या-मांजरांच्या यकृतरोगांवर वाचणाऱ्या कोणालाही परिचित असते. आता हे आडनाव साध्या शोधचौकटीत टाकून पाहावे. ‘मेडिकल सेंटर’, ‘कॅन्सर सेंटर’ असा पत्ता असलेला जगभरातला प्रत्येक लेख पुढ्यात येऊन पडतो. यावर उपाय साधा आहे. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत आडनाव, त्यानंतर आद्याक्षरे आणि लगेच चौकोनी कंसात ‘एयू’ ही दोन रोमन अक्षरे लिहिली, की शोध फक्त लेखकांच्या रकान्यात होतो. केंब्रिजच्या पेनी वॉटसन यांच्यासारखे आडनाव असेल तर एवढ्यानेही भागत नाही, कारण त्याच आद्याक्षरांचे वॉटसन इतर विषयांतही लिहीत असतात. तिथे संस्थेचे नाव आणि विषयाचा एखादा शब्द जोडावा लागतो.

आपल्याकडच्या नावांची अडचण याहून मोठी आहे. पाटील, देशमुख, जाधव, शिंदे या आडनावांपुढे दोन आद्याक्षरे लावली की तेवढ्याच नावाची डझनभर माणसे निघतात, आणि त्यांतली निम्मी कृषी किंवा वैद्यक क्षेत्रातलीच असतात. क्षीरसागर या आडनावातला दीर्घ ‘क्षी’ रोमनमध्ये कोणी एका ‘आय’ने लिहितो, कोणी दोन ‘ई’ने. कोणी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर घेतो, कोणी गाळतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेची पहिली पाच-सात वर्षे दुसऱ्याच नावाखाली राहून जातात, आणि तिच्या नोंदीतली ती पोकळी पाहणाऱ्याला कामातला खंड वाटते. म्हणून यादी करण्याआधी त्या व्यक्तीच्या नावाची आजवरची सर्व रूपे एका कागदावर लिहून घ्यावीत. शक्य असेल तर तिलाच विचारावे.

एका निवड समितीसाठी मी केलेल्या टाचणात शेळ्यांच्या पर्णकृमींवर (यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमींवर) काम करणाऱ्या एका प्राध्यापकांच्या खात्यावर माणसांच्या पित्ताशयातल्या खड्यांच्या शस्त्रक्रियेचे चार लेख चढले होते. गूगल स्कॉलरने ते आपण होऊन जोडले होते, प्राध्यापकांनी ते काढले नव्हते आणि मी शीर्षके न वाचता बेरीज उचलली होती. समितीतल्या एकाने ‘सर शस्त्रक्रियाही करतात का?’ असे विचारले तेव्हा चूक लक्षात आली. तेव्हापासून शीर्षकांची यादी वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचल्याशिवाय मी कोणताही आकडा पुढे पाठवत नाही.

संशोधकाचा ऑर्किड क्रमांक मिळाला तर बरेच काम सोपे होते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत प्रत्येकाला सोळा स्थानांचा एक कायमचा क्रमांक मिळतो आणि नाव बदलले तरी तो बदलत नाही. मात्र क्रमांक काढून पुढे त्यात एकही लेख न भरलेले संशोधक कमी नाहीत, त्यामुळे ऑर्किडचे पान रिकामे दिसले म्हणून काम नाही असा निष्कर्ष काढू नये.

कुठे शोधावे आणि कोणत्या शब्दांनी

एकाच ठिकाणी सगळे मिळत नाही. पबमेड मोफत आहे, पण पशुवैद्यकाची सर्व नियतकालिके त्यात नाहीत. भारतीय नियतकालिकांच्या बाबतीत तर ही उणीव फारच जाणवते. पशुवैद्यकाचा सर्वांत व्यापक आवाका कॅब अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स या सूचीचा आहे, आणि महाविद्यालयाकडे तिची वर्गणी असेल तर सुरुवात तिथूनच करावी. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या दोन्ही सूची वर्गणीच्या आहेत. त्यांत निवडक नियतकालिके असल्यामुळे आकडे कमी पण स्वच्छ येतात. गूगल स्कॉलर सर्व काही गोळा करतो: प्रबंध, परिषदांचे सारांश, एकच लेख दोनदा, क्वचित अभ्यासक्रमाची पुस्तिकासुद्धा. भारतीय संशोधकासाठी कृषीकोशही पाहावा, कारण पशुवैद्यकीय विद्यापीठांतले एम.व्ही.एस्सी. आणि पीएच.डी.चे प्रबंध तिथे सापडतात, आणि कोणी कोणत्या विद्यार्थ्यांकडून यकृतावर काम करून घेतले हे लेखांच्या यादीपेक्षा प्रबंधांच्या यादीतून चांगले कळते.

शब्दांच्या निवडीत खरे कौशल्य लागते. पबमेडच्या विषय-शीर्षकांत ‘लिव्हर डिसीजेस’ला ‘व्हेटरिनरी’ हे उपशीर्षक जोडता येते. त्याखेरीज ‘हेपॅटायटिस, अ‍ॅनिमल’ आणि कुत्र्यांच्या संसर्गजन्य यकृतदाहासाठी ‘हेपॅटायटिस, इन्फेक्शस कॅनाइन’ अशी स्वतंत्र शीर्षके आहेत. या शेवटच्या रोगाचे वर्णन स्वीडनच्या रुबार्थ यांनी १९४७ मध्ये केले, म्हणून जुन्या लेखांत तो रुबार्थचा रोग या नावानेही येतो. पर्णकृमींच्या रोगाला काही लेखक ‘फॅसिओलायसिस’ म्हणतात आणि काही ‘फॅसिओलोसिस’. एकच शब्द टाकला तर यादीचा मोठा भाग हातचा जातो. यकृतातल्या प्रवेशिका शिरेच्या (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या) सूक्ष्म विकृतीला पूर्वी ‘मायक्रोव्हॅस्क्युलर डिसप्लेशिया’ म्हणत. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या यकृत-गटाने २००६ मध्ये निदानाची मानके पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, त्यांत तिच्यासाठी ‘प्रायमरी हायपोप्लेशिया ऑफ द पोर्टल व्हेन’ हे नाव सुचवले आहे. तेव्हापासून दोन्ही नावे चालू आहेत. तीस वर्षे काम केलेल्या माणसाचे लेख अशा नामांतराच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले असतात.

आणखी एक सापळा आहे. ‘डॉग’, ‘लिव्हर’ आणि ‘शंट’ हे तीन शब्द एकत्र टाकले की जन्मजात पोर्टोसिस्टेमिक शंट (यकृताला वळसा घालून रक्त नेणारी वाहिनी) असलेल्या छोट्या टेरियर कुत्र्यांबरोबर प्रयोगशाळेतली कुत्रीही येतात. निकोलाय एक या रशियन शल्यवैद्याने १८७७ मध्ये कुत्र्यांत प्रवेशिका शीर थेट महाशिरेला जोडून दाखवली. तेव्हापासून अमेरिकी शल्यवैद्य टॉमस स्टार्झल यांच्या यकृतारोपणाच्या प्रयोगांपर्यंत माणसांच्या शस्त्रक्रियेचे कितीतरी ज्ञान कुत्र्यांवर मिळवले गेले. त्या लेखांत कुत्रा रुग्ण नाही, साधन आहे. पशुवैद्यकीय यकृतरोगांची यादी करताना प्रत्येक लेखासाठी हा एक प्रश्न विचारावा: इथे प्राणी रुग्ण म्हणून आला आहे की माणसाच्या बदल्यात उभा आहे? उत्तर ‘बदल्यात’ असे आले तर लेख बाद करू नये, पण वेगळ्या रकान्यात ठेवावा.

तक्ता

एक्सेलमध्ये एका ओळीला एक लेख. रकाने माझ्या मते इतके पुरतात: वर्ष, शीर्षक, नियतकालिक, एकूण लेखक आणि त्यांतले या व्यक्तीचे स्थान, करस्पॉन्डिंग ऑथर (पत्रव्यवहाराची जबाबदारी असलेला लेखक) आहे की नाही, लेखाचा प्रकार, प्राणी, रोग, डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक), गूगल स्कॉलरचा आकडा, स्कोपसचा आकडा, आणि आकडा घेतल्याची तारीख. तारखेचा रकाना क्षुल्लक वाटतो, पण तीन महिन्यांनी कोणी आकडा तपासला आणि तो जुळला नाही तर तीच तारीख आपली बाजू सांभाळते.

प्रकाराचा रकाना मन लावून भरावा. मूळ संशोधन, पूर्वलक्षी अभ्यास, केस रिपोर्ट, आढावा-लेख, मतैक्य-निवेदन, पुस्तकातले प्रकरण आणि परिषदेतला सारांश यांना एकाच तराजूत टाकणे चूक आहे. ‘जर्नल ऑफ व्हेटरिनरी इंटर्नल मेडिसिन’सारखी नियतकालिके परिषदेतल्या निवेदनांचे सारांशही छापतात, गूगल स्कॉलर त्यांना लेख म्हणूनच मोजतो, आणि पुढे तोच अभ्यास पूर्ण लेख म्हणून आला तर एका कामाच्या दोन नोंदी होतात. त्या एकत्र करून सारांशाची ओळ वगळावी.

लेखकाचे स्थान वाचताना आपली रीत आणि बाहेरची रीत वेगळी आहे हे ध्यानात ठेवावे. युरोप-अमेरिकेत शेवटचे नाव बहुधा ज्याच्या गटात काम झाले त्याचे असते. आपल्याकडे प्रबंधावरून केलेल्या लेखात विद्यार्थ्याचे नाव पहिले, मार्गदर्शकाचे बहुधा दुसरे आणि त्यानंतर सल्लागार समितीतल्या सदस्यांची नावे असा क्रम सर्रास दिसतो. त्यामुळे शेवटचे नाव म्हणजे ज्येष्ठ संशोधक हा नियम भारतीय यादीला आंधळेपणाने लावला, तर ज्याने एकदा सही केली त्याला श्रेय जाते आणि ज्याने दोन वर्षे काम करून घेतले तो मागे पडतो.

तक्ता पूर्ण झाला की मागे घेतलेले लेख तपासावेत. रिट्रॅक्शन वॉचची सूची मोफत पाहता येते आणि पबमेडही मागे घेतलेल्या लेखावर तशी स्पष्ट सूचना लावतो. हे काम दहा मिनिटांचे आहे.

आकडे

एच-इंडेक्सची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. हिशेब सोपा आहे: किमान तितकीच उद्धरणे असलेले जितके लेख सापडतात, तो सर्वांत मोठा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. समजा, एका काल्पनिक संशोधकाचे बारा लेख आहेत आणि त्यांची उद्धरणे उतरत्या क्रमाने ६४, ३१, २२, १५, ९, ८, ७, ४, २, १, ० आणि ० अशी आहेत. वरून मोजत जावे. सातव्या लेखाला सात उद्धरणे आहेत, आठव्याला मात्र आठ नाहीत, चारच आहेत. म्हणून एच-इंडेक्स ७. किमान दहा उद्धरणे असलेले लेख चार, म्हणून गूगल स्कॉलरचा आय-टेन इंडेक्स ४. एकूण उद्धरणे १६३.

आता सर्वांत वरचा लेख झाकून पाहावा. एकूण उद्धरणे ९९ वर येतात, म्हणजे सुमारे ३९ टक्के गेली. एच-इंडेक्स मात्र ६ होतो, फक्त एकाने उतरतो. तो ६४ उद्धरणांचा लेख या व्यक्तीने स्वतः केलेला अभ्यास असेल तर एच-इंडेक्सने तिच्यावर अन्याय केला; आणि तो नऊ जणांनी मिळून लिहिलेला आढावा असेल तर एकूण बेरजेने तिला जास्त दिले. कोणता आकडा खोटा बोलतो हे लेख उघडल्याशिवाय कळत नाही.

यकृतरोगांत ही गोष्ट नेहमी घडते. कुत्र्यांच्या दीर्घकालीन यकृतदाहाचे निदान आणि उपचार यांवर अमेरिकी पशु-अंतर्वैद्यक महाविद्यालयाचे मतैक्य-निवेदन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर वेबस्टर, सेंटर, कलन, पेनिंक, रिक्टर, ट्वेट आणि वॉटसन अशी सात नावे आहेत. या विषयावर नंतर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याचा हवाला देतो, आणि ती सर्व उद्धरणे सातही जणांच्या खात्यावर पूर्णच्या पूर्ण जमा होतात. यात गैर काही नाही. अशा निवेदनात नाव येणे ही स्वतःच एक पावती आहे. पण ती पावती ज्येष्ठतेची आहे, नव्या शोधाची नव्हे, आणि टाचणात ती तशीच नोंदवावी. उलट २००६ च्या मानकांचे झाले: कोणी संघटनेच्या नावाने हवाला देतो, कोणी प्रकरणाच्या लेखकांच्या, कोणी पुस्तकाच्या, आणि उद्धरणे फुटून जातात. एवढा वापर असूनही आकडा तुटपुंजा दिसण्याचे ते चांगले उदाहरण आहे.

स्वतःच्याच लेखांचा हवाला देणे हा गुन्हा नाही. लहान शाखेत त्याला पर्यायही नसतो. एका जातीच्या कुत्र्यांवर जगात दोनच गट काम करत असतील तर ते एकमेकांचा आणि स्वतःचा हवाला देणारच. स्कोपसमध्ये स्वोद्धरणे वगळून आकडा पाहता येतो, गूगल स्कॉलरमध्ये ती सोय नाही. दोन्ही आकडे शेजारी लिहावेत आणि टीका न करता पुढे जावे.

माणसांच्या यकृतरोगतज्ज्ञाशी तुलना मुळीच करू नये. त्या शाखेत लिहिणारे, वाचणारे आणि पैसा पुरवणारे कित्येक पटींनी अधिक आहेत. शिवाय पशुवैद्यकातले बहुसंख्य वाचक दवाखाने चालवतात. ते लेख वाचून उपचार बदलतात, पण स्वतः लेख लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांच्या वाचनाची नोंद कुठेच होत नाही. तुलना करायचीच तर त्याच रोगावर, त्याच दशकात काम सुरू केलेल्या दोघा-तिघांशी करावी.

उद्धरणांचा माग काढणे

इथे सर्वाधिक वेळ द्यावा. यादीतले पाच लेख निवडावेत आणि त्यांचा हवाला कोणी, कशासाठी दिला ते उघडून वाचावे. बेडलिंग्टन टेरियर कुत्र्यांच्या तांब्याच्या रोगाचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना देतो. १९७५ मध्ये मिनेसोटाच्या हार्डी आणि सहकाऱ्यांनी या जातीत यकृतदाह आणि यकृतात साचलेले तांबे यांचा संबंध दाखवला, पण तो लेख ‘मिनेसोटा व्हेटरिनेरियन’ या राज्यपातळीवरच्या नियतकालिकात आला. १९७९ मध्ये ट्वेट, स्टर्नलिब आणि गिल्बर्टसन यांचा सविस्तर अभ्यास अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापला गेला. यांतले स्टर्नलिब माणसांतल्या विल्सन रोगाचे (शरीरात तांबे साचण्याच्या आनुवंशिक रोगाचे) जाणकार होते. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने या कुत्र्यांत सापडलेल्या जनुकीय दोषाचे वर्णन केले. ते जनुक तेव्हा ‘मर-वन’ म्हणून ओळखले गेले, पुढे त्याचे नाव ‘कॉमडी-वन’ झाले.

या साखळीतून तीन गोष्टी दिसतात. मूळ निरीक्षण ज्या लेखात आहे तो मोठ्या सूचींच्या नजरेत सहज येत नाही, म्हणून पुढचे लेखक अनेकदा १९७९ च्या लेखापासूनच गोष्ट सुरू करतात. २००२ च्या लेखाचा हवाला पशुवैद्यांबरोबर मानवी पेशीविज्ञानातले लोकही देतात, कारण ते जनुक आपल्याही पेशींत आहे. तेव्हा उद्धरणे कोणत्या शाखेतून आली हा रकाना भरल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. आणि जुने नाव टाकून शोध घेतला तर नंतरचे अर्धे लेख निसटतात.

हवाला नेहमी सहमतीचा नसतो. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत श्वानखाद्यात कॉपर ऑक्साइडऐवजी अधिक सहज शोषली जाणारी तांब्याची संयुगे वापरण्याकडे कल वळला. खाद्यातल्या तांब्याच्या मर्यादांचा फेरविचार करावा का, असा प्रश्न सेंटर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एका लेखातून जाहीरपणे विचारला, आणि त्याला अनुकूल तसेच प्रतिकूल अशा दोन्ही प्रतिक्रिया आल्या. सूचीच्या दृष्टीने बाजू घेणारा हवाला एक आणि खोडून काढणारा हवालाही एकच. आपण मात्र ‘पुढे नेले’, ‘पद्धत वापरली’, ‘विरोध केला’, ‘नुसता उल्लेख’ अशा चार खुणा करून पाचही लेखांची उद्धरणे वाटून घ्यावीत. प्रस्तावनेतल्या पहिल्या वाक्यात सहा लेखांच्या गर्दीत आलेला हवाला ‘नुसता उल्लेख’ याच खुणेखाली जातो, आणि खरे सांगायचे तर बहुतेक तिथेच जातात.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांना सरासरी किती उद्धरणे मिळतात तो आकडा) आणि नासची, म्हणजे राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीची, गुणांकने टाचणात मागितली जातात, तेव्हा द्यावी लागतात. नासच्या पद्धतीत इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या नियतकालिकाला त्या आकड्यात ६ मिळवून गुण दिले जातात, एवढे लक्षात ठेवले तर तक्ते वाचता येतात. ही मोजमापे नियतकालिकाची आहेत, लेखाची किंवा माणसाची नाहीत. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात नेमके हेच बजावले आहे.

टाचण लिहिणे

टाचण अर्ध्या पानाचे असावे. वरच्या काल्पनिक संशोधकासाठी ते असे होईल: ‘यकृतरोगांवर बारा लेख, मूळ संशोधन सात, आढावा दोन, केस रिपोर्ट तीन. पाच लेखांत प्रथम लेखक. मुख्य विषय शेळ्या-म्हशींतील पर्णकृमी आणि घाणेरीच्या विषबाधेने होणारी यकृताची हानी. गूगल स्कॉलरप्रमाणे एकूण उद्धरणे १६३, एच-इंडेक्स ७. यांपैकी ६४ उद्धरणे एका आढावा-लेखाची. तपासलेल्या पाच लेखांपैकी दोहोंतील निदानपद्धत इतर गटांनी वापरली आहे.’ खाली तारीख, आणि कोणत्या सूची पाहिल्या ते एका ओळीत.

ते पाठवण्याआधी शक्य असेल तिथे त्या व्यक्तीला दाखवावे. दोन लेख सुटले आहेत किंवा एक त्यांचा नाही, असे ती नक्की सांगेल. आपल्याकडचे संशोधक याच वेळी सहसा आणखी एक गठ्ठा पुढे करतात: ‘शेतकरी’ मासिकात, ‘अ‍ॅग्रोवन’मध्ये मराठीत लिहिलेले लेख, पावसाळ्यानंतर जंतनाशक कधी द्यावे, घाणेरी खाल्लेल्या जनावराला उन्हातून सावलीत का आणावे याविषयीचे. कोणत्याही सूचीत त्यांना उद्धरण नाही आणि कधी मिळणारही नाही. त्यांच्यासाठी तक्त्यात शेवटी एक वेगळे पान जोडावे, त्यावर शीर्षक, नियतकालिक आणि दिनांक लिहावा, आणि उद्धरणांचा रकाना त्या पानावर ठेवूच नये.